मेरी वेल्स: जाहिरातीच्या रंगमंचावरची सूत्रधार

श्रोतेहो, नमस्कार.

१९६६ साली न्यूयॉर्कमधल्या एका नावाजलेल्या जाहिरात संस्थेतून एक बाई राजीनामा देऊन बाहेर पडली. काम उत्तम चाललं होतं, पगार भरघोस होता, पुढच्या कैक वर्षांचा करारही समोर ठेवलेला होता. अडलं होतं ते फक्त पदाशी. संस्था तुम्ही चालवा, अधिकार सगळे वापरा, पण अध्यक्ष म्हणून तुमचं नाव लावता येणार नाही. बाईला अध्यक्षपदी पाहायला जग अजून तयार नाही, असं त्यांना सांगण्यात आलं. त्या बाईंचं नाव मेरी वेल्स. त्याच वर्षी एप्रिलमध्ये रिचर्ड रिच आणि स्टुअर्ट ग्रीन या दोन सहकाऱ्यांना घेऊन त्यांनी स्वतःची संस्था काढली, वेल्स, रिच, ग्रीन. सुरुवातीला हक्काचं कार्यालय नव्हतं, हॉटेलातल्या खोल्यांतून काम चालायचं. अध्यक्ष अर्थातच मेरी वेल्स.

त्यांचा जन्म १९२८चा, अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, यंगस्टाउन नावाच्या पोलादाच्या कारखान्यांच्या गावात. लाजऱ्याबुजऱ्या मुलीला आईनं लहानपणीच वक्तृत्वाच्या आणि नाटकाच्या शिकवणीला घातलं. पुढे न्यूयॉर्कला आणि पिट्सबर्गला जाऊन त्यांनी अभिनयाचं रीतसर शिक्षण घेतलं. नाटकात त्या गेल्या नाहीत, पण नाटकानं त्यांना सोडलं नाही, असं मला त्यांचं काम पाहताना सतत वाटतं. गावातल्याच एका मोठ्या दुकानासाठी जाहिरातींचा मजकूर लिहिण्यापासून त्यांची सुरुवात झाली. मग न्यूयॉर्कचं मेसीज हे मोठं दुकान आणि तिथून जाहिरात संस्था. १९५७ साली त्या डॉइल डेन बर्नबाकमध्ये आल्या. जाहिरात म्हणजे ओरडून केलेली विक्री, ही समजूत त्या काळात मोडून काढणारी हीच ती संस्था. तिथं त्यांची लेखणी घडली.

पण त्यांचं वेगळेपण खरं दिसलं ते त्यानंतर, सुरुवातीला सांगितलेल्या त्या राजीनाम्याच्या संस्थेत असताना, ब्रॅनिफ या विमान कंपनीच्या कामात. हा किस्सा मी जरा सविस्तर सांगणार आहे, कारण माझ्या मते मेरीबाईंची सगळी विचार करण्याची रीत त्यात आहे.

साल १९६५. विमानप्रवास तेव्हा जलद झाला होता, पण दिसायला अगदी रुक्ष होता. विमानतळ करडे, विमानं धातूच्या रंगाची किंवा पांढरी, हवाई सुंदरींचे गणवेश लष्करी थाटाचे. कंपनीला हवी होती जाहिरात, म्हणजे एखादं झकास घोषवाक्य, चार छान छायाचित्रं. मेरीबाईंनी उलट विमानंच रंगवायला लावली. अलेक्झांडर जिरार्ड या रचनाकारानं एकेक विमान एकेका रंगात रंगवलं. कुठलं निळं, कुठलं नारिंगी, कुठलं पिवळं. आसनांची कापडं बदलली, प्रवाशांच्या प्रतीक्षागृहांचं रूप पालटलं. इटलीचे वेशभूषाकार एमिलिओ पुची यांच्याकडून गणवेश करून घेतले. त्यात डोक्यावर घालायचा एक पारदर्शक प्लॅस्टिकचा घुमटही होता. विमानतळावर पावसातून चालत जाताना केसांची घडी विस्कटू नये म्हणून! मोहिमेचं घोषवाक्य होतं, साध्यासुध्या विमानांचा जमाना संपला. आणि ते खरं होतं, कारण धावपट्टीवर उभं असलेलं विमानच ते सांगत होतं.

श्रोतेहो, यातली ताकद लक्षात घ्या. वस्तू आहे तशीच ठेवून तिच्याबद्दल गोड बोलणं एवढंच जाहिरातवाल्याचं काम, असं बहुतेकांना वाटतं. मेरीबाई आधी वस्तूकडे जात आणि तिथं काय कमी आहे ते पाहत. नेपथ्य, वेशभूषा, रंग, संगीत, प्रवेश कुठून आणि निर्गमन कुठे, हे सगळं त्या एखाद्या नाट्यदिग्दर्शकासारखं हातात घेत.

पोटाच्या तक्रारीवरच्या अल्का सेल्ट्झर या गोळ्यांचंही असंच झालं. मेरीबाईंच्या चमूनं पडद्यावर नुसती पोटं दाखवली. जाडी, सपाट, हलणारी, डुलणारी, नाना तऱ्हेच्या माणसांची पोटं, सोबत एक उडती धून. चेहरा एकही नाही. ती धून इतकी आवडली, की तिची तबकडी निघाली आणि ती खपलीही. शिवाय पेल्यात एकाऐवजी दोन गोळ्या पडताना दाखवायला सुरुवात झाली आणि दोन गोळ्यांची पाकिटं बाजारात आली. विक्री वाढली यात नवल नाही.

पण सगळंच कौतुक करण्यासारखं नाही. ब्रॅनिफच्याच एका जाहिरातीत हवाई सुंदरी प्रवासादरम्यान गणवेशाचा एकेक थर उतरवताना दाखवली होती. एका कर्तबगार बाईच्या हातून बाईचंच असं प्रदर्शन व्हावं, हे मला खटकतं. त्याहून जास्त खटकते ती बेन्सन अँड हेजेसच्या लांब सिगारेटची मोहीम. लांबीमुळे सिगारेट लिफ्टच्या दारात चेमटते, समोरच्या वर्तमानपत्राला भोक पाडते, असे तिचे तोटेच गमतीनं दाखवून ती खपवली गेली. कल्पना म्हणून पाहिली तर अफलातून. पण सिगारेटचे धोके सांगणारा अमेरिकन सर्जन जनरलचा, म्हणजे तिथल्या सरकारच्या प्रमुख आरोग्य अधिकाऱ्याचा अहवाल १९६४ सालीच आला होता, आणि ही मोहीम त्यानंतरची. इतकी तल्लख बुद्धी तिथं खर्ची पडली, याचं वाईट वाटल्यावाचून राहत नाही.

१९६७ साली मेरीबाईंनी ब्रॅनिफचे प्रमुख हार्डिंग लॉरेन्स यांच्याशी लग्न केलं. नवऱ्याच्या कंपनीचं काम बायकोची संस्था करते, हे दिसायला बरं नव्हतं. पुढच्याच वर्षी त्यांनी ब्रॅनिफचं काम सोडलं आणि दुसऱ्या विमान कंपनीचं, टीडब्ल्यूएचं काम घेतलं. १९६८ सालीच संस्थेचे शेअर लोकांसाठी खुले झाले. न्यूयॉर्क शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीची प्रमुख असलेली पहिली स्त्री, असा त्यांचा उल्लेख होतो. जग तयार नाही असं ज्यांना सांगितलं गेलं होतं, त्यांच्या कंपनीचे शेअर दोन वर्षांत लोक पैसे मोजून घेत होते!

आणि मग १९७७. न्यूयॉर्क शहर दिवाळखोरीच्या कड्यावरून जेमतेम मागं आलेलं, गुन्हेगारी माजलेली, पर्यटक फिरकेनात. राज्य सरकारनं पर्यटनाच्या जाहिरातीचं काम वेल्स, रिच, ग्रीनला दिलं. ‘मला न्यूयॉर्क आवडतं’ हे मोहिमेचं साधं सूत्र. मिल्टन ग्लेझर या रचनाकारानं लाल हृदयाचं चिन्ह काढलं आणि त्याचं मानधनही घेतलं नाही. मेरीबाईंना माहीत होतं, की या शहराकडे दाखवण्यासारखं काय आहे. ब्रॉडवे, तिथल्या नाटकांची दुनिया! म्हणून दूरचित्रवाणीवरच्या जाहिरातीत नाटकांतले नट-नट्या आपापल्या वेशभूषेत गाऊ लागले. यंगस्टाउनच्या त्या मुलीला आईनं लावलेली नाटकाची गोडी इथं एका अख्ख्या शहराच्या कामी आली. ते लाल हृदय आज जगभर कपांवर आणि टी-शर्टांवर दिसतं.

१९९० साली त्यांनी संस्था एका फ्रेंच जाहिरात कंपनीला विकली आणि निवृत्ती घेतली. त्यांच्या मागं ती फार टिकली नाही, १९९८ साली बंद पडली. माझ्या मते याचं कारण त्यांच्या कामाच्या रीतीतच होतं. संस्थेचा सगळा डोलारा एकीच्या नजरेवर उभा होता, आणि नजर काही विकत देता येत नाही. २००२ साली त्यांचं आत्मचरित्र आलं. २०२० साली कान इथल्या जाहिरात महोत्सवानं त्यांना कारकिर्दीचा सर्वोच्च सन्मान जाहीर केला. मे २०२४ मध्ये, वयाच्या ९५व्या वर्षी, लंडनमध्ये त्यांचं निधन झालं.

आपण ऐकून घेतलंत, आभारी आहे. नमस्कार.