चुंबकाच्या टोकावरचा कीस

पडद्यावर दिसणाऱ्या या बोटाएवढ्या प्लगच्या टोकाला लोहचुंबक बसवलेला आहे. तंत्रज्ञाने तो आत दाबून, किंचित फिरवून जेट इंजिनातून काढला, तरी तेलाची धार लागली नाही. कारण प्लग बाहेर येताच त्याच्यामागची झडप आपोआप मिटते. टोकावर काळपट, मऊ लेप जमला आहे. तंत्रज्ञाचे सगळे लक्ष आता या लेपाकडे आहे.

जेट इंजिनातल्या तेलाचा ज्वलनाशी संबंध येत नाही. मोटारीच्या इंजिनाप्रमाणे त्यात काजळी मिसळत नाही, त्यामुळे त्यात सापडलेला धातूचा कण बहुधा एखाद्या बेअरिंगचा किंवा दातेरी चाकाचाच असतो. एअरबस ए-320 जातीच्या अनेक विमानांना असलेल्या सीएफएम-56 इंजिनात, आतला रोटर उड्डाण घेताना मिनिटाला 14,000 फेऱ्यांच्या आसपास फिरतो आणि तो पेललेला असतो पोलादी गोळ्यांवर व रोलरांवर. पंपाने पाठवलेले तेल बारीक तोंडांतून या बेअरिंगांवर फवारले जाते, तिथली उष्णता घेते, झिजेचे कण घेते आणि परतीच्या पंपांनी टाकीकडे ओढले जाते. चुंबक बसवतात ते याच परतीच्या वाटेवर, गाळणीच्या आधी, म्हणजे निसटलेला कण कुठेही अडकण्यापूर्वी हाती लागतो. परतीच्या प्रत्येक फाट्यावर वेगळा प्लग असला, तर तो कण इंजिनाच्या कोणत्या भागातून आला, तेही कळते.

हा दुसरा प्लग विजेवर चालणारा आहे. त्याच्या दोन टोकांमध्ये अरुंद फट ठेवलेली दिसते. चुंबकाने ओढलेले कण साचून ती फट भरली की विद्युतमंडल पूर्ण होते आणि वैमानिकासमोर दिवा लागतो. नेहमीच्या झिजेच्या बारीक किसानेही दिवा लागू नये म्हणून काही हेलिकॉप्टरांत विजेचा क्षणिक झटका देऊन तो कीस जाळून टाकण्याची सोय असते. मोठा तुकडा मात्र त्याने जळत नाही आणि दिवा कायम राहतो. सोय चांगली आहे, परंतु जळून गेलेला कीस पुन्हा कोणाला भिंगाखाली धरता येत नाही, हेही इथे नोंदवायला हवे.

आता भिंगातून पाहू. पिठासारखा करडा लेप ही रोजची झीज आहे. हा पिळदार, सुईसारखा तुकडा भाग घडवताना मागे राहिलेला असू शकतो. पण हा चपटा, एका बाजूने चकाकणारा पापुद्रा पाहा: बेअरिंगच्या पृष्ठभागाचे टवके उडू लागले की असेच पापुद्रे तेलात उतरतात. त्याचा कस प्रयोगशाळेत ठरतो. लोखंडाबरोबर सुमारे 4 टक्के क्रोमियम, तितकेच मॉलिब्डेनम आणि 1 टक्का व्हॅनेडियम आढळले, तर ते एम-50 हे बेअरिंगचे पोलाद आहे, असे ओळखतात.

चुंबकाला चांदी, कांसे आणि ॲल्युमिनियम दिसत नाहीत. बेअरिंगच्या पिंजऱ्यावरचा (गोळ्यांना जागेवर धरणाऱ्या कड्यावरचा) चांदीचा मुलामा झिजू लागला, तर ते तेलाच्या नमुन्यावरूनच कळते. नमुना विद्युत ठिणगीत जाळून, निघालेल्या प्रकाशावरून त्यातले धातू ओळखण्याची ही रीत विमानांकडे आली ती रेल्वेकडून: 1940च्या दशकात अमेरिकेतील डेन्व्हर अँड रिओ ग्रँड रेल्वे आपल्या डिझेल इंजिनांचे तेल असे तपासत असे, आणि 1950च्या दशकात अमेरिकी नौदलाने ती रीत विमानांसाठी उचलली. या रीतीच्या यंत्राला साधारण 10 मायक्रॉनपर्यंतचेच (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण नीट मोजता येतात, म्हणून चुंबकाची गरज संपली नाही. तेलाच्या नळीभोवती तारेची वेटोळी बसवून, जाणारे पुरेसे मोठे कण मोजणारे संवेदकही आता आहेत. लोखंडी कणाचा आणि इतर धातूच्या कणाचा संकेत एकमेकांच्या उलट येत असल्याने त्यांना दोन्ही प्रकार वेगळे करता येतात.

25 मार्च 2009 रोजी स्कॉटलंडमधील एका सुपर प्यूमा हेलिकॉप्टरच्या गिअरबॉक्समधील प्लगवर धातूचा एक कण मिळाला होता, परंतु तो ग्रहचक्राच्या, म्हणजे मधल्या चाकाभोवती फिरणाऱ्या दातेरी चाकाच्या, बिघाडाची खूण म्हणून ओळखला गेला नाही. सुमारे 36 उड्डाणतासांनंतर, 1 एप्रिलला, तेच चक्र फुटून हेलिकॉप्टर उत्तर समुद्रात कोसळले आणि त्यातील सर्व 16 जण मृत्युमुखी पडले. ब्रिटिश तपास अहवालानुसार गिअरबॉक्सच्या आत बसवलेल्या चुंबकांच्या कड्यामुळेही कण प्लगपर्यंत पोचण्याची शक्यता कमी झाली होती.

पुन्हा कार्यशाळेत येऊ. तंत्रज्ञाने प्लगवरचा कीस पारदर्शक चिकटपट्टीवर उचलला आहे आणि ती पट्टी पांढऱ्या कार्डावर चिकटवली आहे. कार्डावर तो इंजिनाचा क्रमांक, प्लगची जागा, तारीख आणि उड्डाणतास लिहितो, मागच्या तपासणीचे कार्ड शेजारी ठेवतो आणि दिव्याखाली दोन्ही डाग एकमेकांशी ताडून पाहतो. मगच प्लग पुसून, नवी रबरी कडी घालून, पुन्हा जागेवर बसवला जातो.