गिऱ्हाईक दाखवल्याचे पैसे

श्रोतेहो, नमस्कार.

आज विमा एजंटांच्या आपसातल्या एका व्यवहाराबद्दल बोलायचंय. तो तुमच्यासमोर होत नाही, पण होतो तुमच्याच नावावर. एक एजंट दुसऱ्याला गिऱ्हाईक दाखवतो आणि त्याचे पैसे घेतो. आयुर्विम्याचं काम करणारा आरोग्यविमावाल्याला तुमचा नंबर देतो, गाडीचा विमा काढणारा आयुर्विमावाल्याला देतो, आणि पॉलिसी निघाली की कमिशनमधला काही भाग परस्पर पोचतो. विकास अधिकारी म्हणून माझी सगळी नोकरी एजंटांच्या सोबत गेली, त्यामुळे माझं मत आधीच सांगून टाकतो. गिऱ्हाइकाला सांगता येत नाहीत ते पैसे घेऊ नयेत. आणि पॉलिसी निघाली तरच मिळणार असतील, तर सांगूनसुद्धा घेऊ नयेत.

का, ते कळायला तात्यांची गोष्ट ऐका.

तात्या सांगोल्याकडचे, आयुर्विमा महामंडळाचे जुने एजंट. त्या भागात डाळिंबाच्या बागा उभ्या राहिल्या, पैसा आला, मग तेल्या रोग आला आणि कित्येकांच्या बागा गेल्या. त्या दिवसांतही तात्या वस्तीवस्तीवर फिरून लोकांना सांगायचे, सगळं थांबवा पण हप्ता थांबवू नका, पॉलिसी लॅप्स होईल. खिशात एक लांबट वही असायची. कुणाचा हप्ता कधी, कुणाच्या घरी काय दुखणं, सगळं त्यात.

२०२४ च्या दिवाळीची गोष्ट. तात्यांच्या एका बागायतदाराला कुटुंबाचा आरोग्यविमा हवा होता. तात्या ते काम करत नसत, म्हणून त्यांनी तालुक्यातल्या एका तरुण एजंटाचा नंबर दिला. आठवड्यात पॉलिसी निघालीसुद्धा. पाडव्याला तो पोरगा तात्यांच्या घरी हजर. हातात सुक्या मेव्याचा डबा. (हे डबे आले आणि एकमेकांकडे फराळाची ताटं न्यायची पद्धत मागं पडली, याचं मला फार वाईट वाटतं. घरच्या चकलीत माणसाचा हात असतो, त्या डब्यात नसतो. असो.) डब्याखाली पाकीट, पाकिटात पाचशेच्या चार नोटा.

"काय रं हे?"

"तात्या, तुमचा वाटा. रेफरन्सचा. सगळेच देत्यात."

तात्यांनी पाकीट परतही दिलं नाही आणि ठेवूनही घेतलं नाही. चपला पायात सरकवल्या. म्हणाले, "चल, ज्याच्या नावाचं हाय त्यालाच इचारू." पोराच्या मोटारसायकलवर मागे बसून थेट बागायतदाराच्या वस्तीवर.

बागायतदार ओसरीवर बसलेला, बायको चहाचं बघत होती. तात्यांनी पाकीट सतरंजीवर ठेवलं. "तुझं नाव सांगितलं म्हणून ह्या पोरानं मला दोन हजार दिल्यात. घिऊ का?"

पोरगा मान खाली घालून उभा. बागायतदार मोकळ्या मनाचा. "घ्या की तात्या! तुमच्यामुळंच तर झालं. नायतर असं करा, आमच्या पुढच्या हप्त्यात वजा करून टाका."

"ते तर मुळीच नगं," तात्या म्हणाले. "त्याला कायद्यात दंड हाय. देणाऱ्यालाबी आन् घेणाऱ्यालाबी."

तेवढ्यात आतून बाईंनी विचारलं, "तात्या, ह्यांच्या शुगरचं तुम्ही त्यांस्नी सांगितलं व्हतं न्हवं?"

सगळे गप्प. तात्यांना शुगर ठाऊक होती, त्यांच्या वहीत होती. त्यांनी पॉलिसीची प्रत मोबाईलवर उघडायला लावली. आजारांचे रकाने एकेक करून वाचले. मधुमेह, नाही. रक्तदाब, नाही. खालपर्यंत नाहीच नाही. पोराने काही विचारलंच नव्हतं. ओटीपी मागितला, बागायतदाराने बागेतूनच फोनवर सांगितला, फॉर्म गेला.

असं का केलं? उघड आहे. शुगर लिहिली की तपासणी लागू शकते, हप्ता वाढू शकतो, गिऱ्हाईक कचरतं. केस अडकली की पोराला कमिशन नाही, आणि तात्यांना पाकीट नाही.

श्रोतेहो, इथे नीट लक्ष द्या. या सगळ्या व्यवहारात आजाराची माहिती असलेला एजंट एकच होता, तात्या. पाकिटाचं आधीच गुपचूप ठरलं असतं, तर त्याच माणसाला तोंड बंद ठेवण्याचे दोन हजार मिळणार होते. कुणी त्याला खोटं बोल म्हटलं नसतं. नुसतं विचारायचं राहून गेलं असतं. आणि पुढे कधी दवाखान्याचं बिल आलं असतं, तेव्हा कंपनीने आजार लपवला म्हणून क्लेम नाकारला असता. पॉलिसी निघाली तरच पैसे, या अटीत ही खोट आहे. सल्ला देणारा त्या दिवसापासून विकणारा होतो, आणि गिऱ्हाईक मात्र त्याला आपला माणूसच समजत राहतं.

त्याच दिवशी ओसरीवर बसून कंपनीला अर्ज लिहिला. हातात पॉलिसी पडल्यापासून ३० दिवसांत ती नको असेल तर परत करता येते, त्यामुळे कंपनीच्या अटी पटल्या नसत्या तरी वाट मोकळी होती. कंपनीने मधुमेहाची नोंद केली, हप्ता वाढवला, आणि त्या आजारासाठी थांबण्याची मुदत घातली, म्हणजे तेवढा काळ त्या आजाराचा क्लेम मिळत नाही. २०२४ च्या नियमांप्रमाणे आधीपासून असलेल्या आजाराला ही मुदत जास्तीत जास्त तीन वर्षांचीच असू शकते. बागायतदाराने वाढीव हप्ता भरला.

पाकीट तात्यांनी पोराच्या खिशात कोंबलं. "पैसं नगंत. माझं माणूस दवाखान्यात गेलं की तू तिथं पायजेस, येवढंच." आणि सांगतो, तो पोरगा जातो. रात्री-अपरात्री कॅशलेसचे, म्हणजे दवाखान्याचं बिल कंपनीने परस्पर भरावं यासाठीचे, कागद घेऊन उभा असतो. तात्या आजही त्यालाच गिऱ्हाइकं देतात.

आता कायद्याचं थोडं. १९३८ च्या विमा कायद्यात कलम ४१ आहे. विमा घ्यावा म्हणून कमिशनमधली किंवा हप्त्यातली सूट देता येत नाही, घेता येत नाही. दंड पूर्वी ५०० रुपयांपर्यंत होता, २०१५ च्या दुरुस्तीनंतर १० लाखांपर्यंत. "पहिला हप्ता मी भरतो" म्हणणारे एजंट याच कलमात बसतात. कलम ४० म्हणतं, विमा मिळवून दिल्याचा मोबदला फक्त एजंट आणि मान्यताप्राप्त मध्यस्थ यांनाच. म्हणजे दुकानदाराला, बँकेतल्या ओळखीच्या माणसाला गिऱ्हाईक पाठवल्याचे पैसे देणं बसत नाही.

मग एजंटाने एजंटाला दिले तर? तात्या एजंट होते, पण त्या कंपनीचे नव्हते. एका माणसाला आयुर्विम्याची एक, सर्वसाधारण विम्याची एक आणि आरोग्यविम्याची एक अशा एजन्सी घेता येतात. ज्याला आरोग्यविम्याचे पैसे हवेत त्याने परीक्षा द्यावी, एजन्सी घ्यावी, फॉर्मवर आपलं नाव येऊ द्यावं. मग चुकलं तर जबाबदारीही त्याचीच. डॉक्टरांमधल्या कट प्रॅक्टिसला आपण सगळे नाव घेऊन वाईट म्हणतो. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेने रुग्ण पाठवल्याचं कमिशन घ्यायला डॉक्टरांना स्पष्ट मनाई केली आहे. विमा एजंटाकडूनही तीच अपेक्षा ठेवायला काय हरकत आहे?

जुने एजंट मला म्हणतात, साहेब, ओळखी जोडायला आमचं आयुष्य गेलं, त्याची काही किंमत नाही का? आहे, आणि ती वर्षानुवर्षे रिन्युअल कमिशनमधून, म्हणजे पुढच्या हप्त्यांवरच्या कमिशनमधून, मिळते. महामंडळाच्या एजंटामागे ते नियमांप्रमाणे त्याच्या वारसालाही मिळतं. पण गिऱ्हाइकाचा विश्वास ही एजंटाची मालमत्ता नव्हे. तो गिऱ्हाइकाने ठेवलेला असतो, दुसऱ्याला विकायचा हक्क एजंटाला नाही.

एप्रिल २०२३ पासून कमिशनची मर्यादा प्रत्येक पॉलिसीला वेगळी ठरलेली नाही. एकूण खर्चाच्या मर्यादेत राहून कंपन्यांची संचालक मंडळं ती ठरवतात. म्हणजे वाटायला पैसा कुठे जास्त, कुठे कमी. (आणि मार्चमध्ये कर वाचवायच्या घाईत विमा घेऊ नका, हे मी दर वर्षी सांगतो. विमा जूनमध्ये घ्या, शांतपणे वाचून.)

तेव्हा कुणी तुम्हाला दुसऱ्या एजंटाकडे पाठवलं, तर सरळ विचारा, "यात तुम्हाला काही मिळणार आहे का?" विचारण्यात अपमान नाही. मग नव्या एजंटाकडून भरलेल्या फॉर्मची प्रत मागा आणि आजारांचे रकाने स्वतः वाचा. पुन्हा सांगतो, आजारांचे रकाने स्वतः वाचा. आणि ते वाचून होईपर्यंत ओटीपी सांगू नका.

पुढच्या भागात नॉमिनीबद्दल बोलू. घरातली पॉलिसी कपाटातून काढून, त्यावर कुणाचं नाव आहे ते बघून ठेवा. नमस्कार.