वजनकाट्याच्या पोटात

(ठाण्यातल्या एका बचत गटापुढे झालेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

टेबलावरचा हा काटा पाच किलोचा. मागचं झाकण मी काढूनच आणलंय, पुढच्या रांगेतल्यांनी वाकून बघा.

वर वाडगा, तो बसतो ती बैठक, बैठकीखाली दांडी आणि दांडीला दोन स्प्रिंगा. वाडग्यात पीठ पडलं की दांडी दबते, स्प्रिंग ताणली जाते आणि ही दातेरी पट्टी खाली सरकते. तिचे दाते या इवल्या चाकीत अडकलेत. पट्टी सरळ सरकते, चाकी गोल फिरते, आणि चाकीच्याच आसावर समोरचा काटा बसवलाय. वाडगा जरासाच खाली जातो, काटा मात्र अख्खी तबकडी फिरतो. भार दुप्पट तर ताणही दुप्पट, हे रॉबर्ट हूक यांनी १६७८ मध्ये छापून सांगितलं. तबकडीवरच्या रेघा सारख्या अंतरावर आखता येतात त्या यामुळेच.

आता बाजूची ही फिरकी. सगळ्यात दुर्लक्षित भाग हाच. जांभळी नाक्यावर तराजूची दोन पारडी समान नसली तर दुकानदार हलक्या बाजूला पासंग लावत. इथे ते काम फिरकी करते. रिकामा वाडगा ठेवा, काटा शून्यावर नसला तर फिरकीने आणा, मगच पीठ घाला. काटा जागेवरून हलवला की पुन्हा बघा. वाडग्याऐवजी घरचं पातेलं ठेवलंत तर तेही फिरकीने शून्य करता येतं, पण फिरकीची धाव थोडी असते. पातेलं जड असलं तर त्याचं वजन लिहून ठेवा आणि वजा करा. शिवाय किलोभर पातेलं ठेवलं म्हणजे पाच किलोच्या काट्यावर जिन्नसाला चारच किलो उरले, हेही ध्यानात असू द्या.

वाचताना डोळा काट्याच्या अगदी समोर हवा. ओट्यावरच्या काट्याकडे उभ्याने तिरकं बघून वाचलं की एखाद्या रेघेचा फरक सहज पडतो, आणि इथे एक रेघ म्हणजे २० ग्रॅम. पाच ग्रॅम यीस्ट यावर मोजायच्या भानगडीत पडूच नका, त्याला चमचा बरा. मैद्याचं मात्र उलटं: वाटी दाबून भरली की हलक्या हाताने, यावर मैदा कमीजास्त होतो. तिथे काटाच हवा.

काटा बरोबर आहे का, हे तपासायला अर्ध्या लिटरची दुधाची पिशवी ठेवा. तो ५०० च्या पुढे, ५२० च्या जरा अलीकडे थांबेल. घाबरू नका, दूध पाण्यापेक्षा जड असतं, अर्धा लिटर साधारण ५१५ ग्रॅम भरतं.

काट्यावर डबे रचून ठेवू नका, स्प्रिंग कायमची ढिली पडते. आपल्याकडे खाडीची दमट हवा, पट्टीला गंज धरतो. म्हणून ओल्या फडक्याने पुसलात तर लगेच कोरडं करा. तेल नको, त्याला पीठ चिकटून दाते बुजतात.

मागून एका ताईंनी विचारलं, दिवाळीचा फराळ याच काट्यावर मोजून विकला तर चालेल का? नाही. २००९ च्या वैधमापन कायद्यानुसार विक्रीसाठीचा काटा सरकारी पडताळणी होऊन शिक्का बसलेलाच लागतो. हा घरच्या मापाला. पाकिटं भरायची असतील तर शिक्क्याचा काटा गटाच्या पैशातून एक घ्या, आणि पडताळणीची मुदत उलटायच्या आत तो पुन्हा तपासून घ्या.