पांढरी उकरण्याआधी

नमस्कार श्रोतेहो. गावाबाहेरची पांढरी, म्हणजे पांढऱ्या मातीचं ते टेकाड, तुम्हाला नव्याने सांगायला नको. घराच्या धाब्यावर, म्हणजे मातीच्या छतावर, माती टाकायची, बैलगाडी जोडली की निघाली पांढरीकडे. आता बैलगाडीच्या जागी ट्रॅक्टर आला, एवढंच. पण ही पांढरी म्हणजे मोडलेलं गाव आहे. तापीकाठचं प्रकाशे 1954-55 मध्ये खणलं, तेव्हा ताम्रपाषाण काळापासूनच्या, म्हणजे तांब्या-दगडाची हत्यारं वापरणाऱ्या लोकांपासूनच्या, वस्तीचे थर निघाले. गिरणेकाठी बहाळला तसंच, आणि समोरच्या टेकवाड्याला तर त्या लोकांची दफनं सापडली.

माझ्या मामाच्या गावची गोष्ट सांगतो. शेतात भर टाकायला पांढरी उकरणं चाललं होतं. फावडं खणकन वाजलं. पाहतात तर मातीचे दोन रांजण, आडवे, तोंडाला तोंड लावून ठेवलेले. झालं! गुप्तधन! अर्ध्या तासात सगळं गाव गोळा. एकाने नारळ आणला, दुसरा लिंबू घेऊन आला, तिसरा आतापासूनच वाटणीवरून भांडायला लागला. रांजण फोडला, तर आत नुसती माती. मग मातीत काड्यांसारखी बारीक हाडं. सगळे गप्प. गर्दीतून एक म्हातारी पुढे आली, वाकून बघितलं आणि म्हणाली, "पैसा नही रे भाऊ, लेकरू शे. झाकी द्या त्याले."

म्हातारी शाळेत गेलेली नव्हती, पण बरोबर बोलली. त्या ताम्रपाषाण काळी लहान मूल गेलं की असे दोन रांजण जोडून त्यात पुरायचे, बहुतेक वेळा घराच्याच जमिनीत. लोकांनी माती लोटली, नारळ तिथेच फोडला. आणि सकाळी ट्रॅक्टर पांढरीच्या दुसऱ्या टोकाला लागला! भीती त्या एका लेकराची, बाकीची पांढरी मोकळी.

जुन्या वास्तू आणि जागा जपायला कायदे आहेत, श्रोतेहो. केंद्राचा 1958 चा, राज्याचा 1960 चा. थाळनेरच्या फारुकी, म्हणजे खानदेशच्या जुन्या सुलतानांच्या, कबरींसारखं केंद्र संरक्षित स्मारक असेल तर 100 मीटरच्या आत नवं बांधकाम करता येत नाही, त्यापुढे 200 मीटरपर्यंत परवानगी लागते. पण आपल्या बहुतेक पांढऱ्यांवर ना पाटी, ना पहारेकरी. तिथे कामाला येतो तो गुप्तधनाचा 1878 चा जुना कायदा. जमिनीत पुरलेली, दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं.

म्हणून सांगतो. खापर, मणी, हाड, रांजण, काहीही दिसलं की फावडं थांबवा. वस्तू उचलू नका, धुऊ नका, जिथे आहे तिथेच ठेवून फोटो काढा. तलाठ्याला किंवा पोलीस पाटलाला सांगा, आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या नावाने तहसीलला अर्ज द्या. अर्जाची पोच घ्या. पोच मात्र घ्याच.