गाणी कुणी गायची?

नमस्कार, श्रोतेहो.

टॉल्किनच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या कादंबरीचे दोन चाहते समोरासमोर आले की भांडण कुठून सुरू होणार, हे मी आधीच सांगून ठेवतो. टॉम बॉम्बडिल! निळा कोट, पिवळे बूट आणि तोंडात कायम गाणं, असा हा रानातला अवलिया पीटर जॅक्सनने चित्रपटांतून साफ गाळला. मग दुसरा म्हणतो, ते राहू द्या हो, फॅरामिरची काय दशा केली बघा. पुस्तकातला फॅरामिर म्हणतो, ती जादूची अंगठी वाटेत पडलेली दिसली तरी मी उचलणार नाही. पडद्यावरचा मात्र ती अंगठी नष्ट करायला निघालेल्या फ्रोडोला पकडून अंगठी बापाला द्यायला निघतो. शिवाय हॉबिट, म्हणजे फ्रोडोच्या जातीची बुटकी माणसं, घरी परततात तेव्हा त्यांचा मुलूख गुंडांनी बळकावलेला असतो, ते अख्खं प्रकरणच गायब. पहिला चित्रपट २००१ सालचा, तिसरा २००३ सालचा. वाद अजून ताजा आहे.

या हिशेबात मला फारसा रस नाही. हजारेक पानांचा ग्रंथ, काहीतरी सुटणारच. आणि सगळं ठेवलं म्हणजे लेखक खूश होतो, असंही नाही. १९५५-५६ मध्ये बीबीसीने याचं नभोनाट्य केलं, त्यात बॉम्बडिल होता. टॉल्किन तेव्हा हयात होते. त्यांनी ते ऐकलं आणि एका पत्रात कळवून टाकलं की बॉम्बडिल भयंकर वाटला. १९८१ साली बीबीसीने पुन्हा घाट घातला, तोही २६ भागांचा, तेव्हा बॉम्बडिलला सरळ वगळलं. त्या मालिकेत फ्रोडो झालेले इयन होम पुढे जॅक्सनच्या चित्रपटात फ्रोडोचा वडीलधारा नातेवाईक बिल्बो झाले. आम्हा रेडिओवाल्यांना ही गोष्ट मिरवायला आवडते.

माझी तक्रार वेगळी आहे. या पुस्तकात साठाहून अधिक गाणी आणि कविता आहेत. माणसं चालताना गातात, अंघोळ करताना गातात, मेलेल्या सोबत्याला नावेत घालून नदीत सोडल्यावर गातात. पुष्कळ वाचक ती पानं चाळून पुढे जातात, हे मला ठाऊक आहे. पण जो थांबतो, तो मनातल्या मनात स्वतःची चाल लावतो, कारण पुस्तकात शब्द आहेत, चाल नाही. डोनाल्ड स्वान या संगीतकाराने यातल्या काही गीतांना चाली लावल्या आणि १९६७ साली त्या स्वरलिपीसकट छापून आल्या. टॉल्किनना त्या पसंत होत्या. फक्त एल्फ या कल्पित वंशाच्या भाषेतल्या एका विलापगीताची चाल त्यांच्या डोक्यात निराळी होती, चर्चमधल्या ग्रेगोरियन गायनाच्या वळणाची. ती त्यांनी स्वानना गुणगुणून दाखवली.

मग चित्रपटात ही गाणी गेली कुठे? बरीचशी वाद्यवृंदात. चित्रपटांचे संगीतकार हॉवर्ड शोर यांच्या संगीताचा मी भक्तच आहे. हॉबिटांना टिन व्हिसल आणि फिडल, रोहानच्या घोडेस्वारांना नॉर्वेचं हार्डँगर फिडल, आयझेनगार्ड या शत्रूच्या गडावरच्या भट्ट्यांना पाच मात्रांचा ठेका, लोखंडावर घण पडावेत तसा. अंगठीसोबत निघालेल्या नऊ सोबत्यांची धून एल्फांच्या रिव्हेंडेलमध्ये भरात येते. त्यांच्यातला जादूगार गँडाल्फ खाईत कोसळल्यावर मात्र ती तुकड्यातुकड्यांनी ऐकू येते. समूहगानाचे शब्दही टॉल्किनच्या कल्पित भाषांतले. पहिल्या आणि तिसऱ्या चित्रपटाच्या संगीताला ऑस्कर मिळालं ते उगाच नाही. पण यात पात्रांच्या तोंडचं गाणं काढून पडद्यामागे नेलं गेलं, आणि शोरच्या चाहत्यांना हे सांगितलं की ते चिडतात.

जिथे पात्र खरोखर गातं, ती जागा बघा. तिसरा चित्रपट. गोंडोर राज्याचा कारभारी डेनेथॉर जेवायला बसलाय. धाकट्या मुलाला, म्हणजे फॅरामिरलाच, त्याने मरणाच्या तोंडी धाडलंय. जेवता जेवता तो पिपिन या हॉबिटला गायला सांगतो. ही चाल पिपिनचं काम करणाऱ्या बिली बॉइडनेच बांधलेली. इकडे डेनेथॉर दातांनी टोमॅटो फोडतोय, लाल रस हनुवटीवर ओघळतोय. तिकडे फॅरामिरच्या पथकाचे घोडे दौडतायत.

पुस्तकात या गाण्याचे शब्द पहिल्या खंडात, अगदी प्रवासाच्या आरंभी येतात. बिल्बोने एका खूप जुन्या चालीवर रचलेलं, पायी चालताना म्हणायचं हे गाणं. धुकं, सांजसावल्या, सगळं विरून जाईल, आणि पुढे? शेकोटी, दिवा, मटण, पाव आणि मग झोप! चित्रपटाने हा शेवट तोडला आणि गाणं 'सगळं विरेल' इथेच थांबवलं. शिवाय पुस्तकातला डेनेथॉर पिपिनला गाता येतं का, एवढंच विचारतो. पिपिन म्हणतो, आमच्या लोकांपुरतं येतं, पण असल्या दालनांना आणि असल्या वाईट दिवसांना शोभेल असं आमच्याकडे काही नाही. आणि तो गात नाही.

कट्टर चाहते याला मोडतोड म्हणतात. मी तिन्ही चित्रपटांतला हा सर्वांत इमानी प्रसंग मानतो. गाण्यातलं जेवण गेलं आणि डेनेथॉरच्या ताटात येऊन बसलं. गाळलेल्या ओळी ज्याला पाठ आहेत, त्याला तो घास जास्तच झोंबतो.

गाणी पात्रांना परत देण्याचा प्रयत्न रंगमंचावर झाला. ए. आर. रेहमान, फिनलंडचा व्हार्टिना हा गट आणि ख्रिस्तोफर नाइटिंगेल यांनी संगीत दिलेलं नाटक २००६ साली टोरांटोत आलं, पुढच्या वर्षी लंडनमध्ये. तिन्ही खंड एका रात्रीत उरकायचे म्हटल्यावर कथेची दमछाक ठरलेलीच, पण गाणारे डोळ्यांसमोर होते.

आणि बॉम्बडिल? २०२४ मध्ये तो याच जगावर बेतलेल्या 'द रिंग्ज ऑफ पॉवर' या मालिकेत एकदाचा अवतरला. आता चाहत्यांचा प्रश्न असा आहे की हॉबिटांच्या शेजारचं आपलं जुनं रान सोडून हा बाबा पूर्वेकडच्या वाळवंटात काय करतोय.