समुद्राविना बंदर

नमस्कार मंडळी. बंदर म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर लगेच खारा वारा, भरती-ओहोटी, भाऊचा धक्का असलंच काहीतरी येतं ना? पण आज ज्या बंदराबद्दल बोलायचंय तिथून समुद्र नदीच्या वाटेने दोनशे किलोमीटरच्या वर लांब आहे आणि पाणी चक्क गोडं. जर्मनीतलं ड्यूसबुर्ग. तिथे रुर नदी येऊन ऱ्हाइनला मिळते, आणि त्या संगमावर 1716 साली एक छोटं बंदर बांधलं गेलं, त्याचं आज युरोपातलं सगळ्यात मोठं नदीबंदर झालंय. जगातलं सगळ्यात मोठं असंही ते सांगतात, यांगत्से नदीवरच्या चिनी बंदरांचे आकडे बघितले की ते जरा जास्तच वाटतं, पण असो.

आता नदीत बंदर कशाला? तर हिशोब सोपा आहे. ऱ्हाइनवर चालणारी एक मोठी बार्ज, म्हणजे सपाट तळाची मालवाहू बोट, एकशे दहा मीटर लांब, तिच्यात तीनेक हजार टन माल बसतो, म्हणजे शंभर-सव्वाशे ट्रकांचं काम एका फेरीत. लोखंडाचं खनिज आणायचं असेल तर मागून ढकलणारी एक बोट आणि तिच्यापुढे बांधलेल्या सहा बार्ज, नेदरलँड्सच्या रॉटरडॅम या समुद्री बंदरातून निघाल्या की थेट ड्यूसबुर्गच्या पोलाद कारखान्यांच्या धक्क्याला. आणि या बार्जवर माणसं नुसती नोकरी करत नाहीत हो, कित्येक कुटुंबं तिथेच राहतात, खिडक्यांना पडदे, कुंड्या, आणि मागच्या बाजूला घरची कार उभी! धक्क्याला लागलं की छोट्या क्रेनने कार खाली उतरवायची आणि बाजारहाट करायला जायचं.

पण बोटी हा निम्माच धंदा. इथला खरा पैसा मालाची गाडी बदलण्यात आहे. रॉटरडॅम नाहीतर बेल्जियमच्या अँटवर्प बंदरातून कंटेनर पाण्याने येतो, इथे क्रेनने उचलून रेल्वेवर टाकतात, तिथून ऑस्ट्रिया, इटली, पोलंड, आणि जवळपासचं असेल तर ट्रक. 2021 साली असे 43 लाख टीईयू, म्हणजे वीस फुटी डब्याच्या हिशोबात, या बंदरातून हलले. शिवाय 2011 पासून चीनच्या चोंगछिंगहून थेट मालगाडी सुरू झाली, दहा हजार किलोमीटरच्या वर प्रवास, वाटेत रुळांची रुंदी बदलते म्हणून डबे एका गाडीवरून दुसऱ्या गाडीवर चढवायचे, तरी जहाजापेक्षा निम्म्याहून कमी दिवसांत माल पोचतो. 2014 मध्ये चीनचे राष्ट्राध्यक्ष शी जिनपिंग स्वतः त्या गाडीचं स्वागत करायला ड्यूसबुर्गला आले होते. पुढे युक्रेनचं युद्ध सुरू झालं आणि रशियातून जाणाऱ्या त्या मार्गाचा भाव उतरला.

मला स्वतःला यातली सगळ्यात जास्त लक्षात राहिलेली गोष्ट ऱ्हाइनहाउझेनची, म्हणजे ड्यूसबुर्गच्याच एका भागाची. तिथे क्रुप या जर्मन कंपनीचा पोलाद कारखाना होता, 1987 मध्ये कंपनीने तो बंद करायचं ठरवलं आणि कामगार पेटले, महिनोन्‌महिने आंदोलन, नदीवरचा पूलच अडवून धरला, त्या पुलाचं नावच पुढे एकजुटीचा पूल पडलं. तरी 1993 मध्ये भट्टी थंड झालीच. आपल्याला गिरणगाव आठवल्याशिवाय राहत नाही. फरक एवढाच की आपल्या गिरण्यांच्या जमिनीवर मॉल आणि टॉवर आले आणि तिथे 1998 पासून बंदराने गोदामं, कंटेनर टर्मिनल, रेल्वे यार्ड उभं केलं, लॉगपोर्ट नावाने. हजारो लोकांना काम मिळालं, हे खरंय, पण भट्टीवाल्या कामगाराचा पगार आणि गोदामात खोकी उचलणाऱ्याचा पगार एकच असेल असं कुणी समजू नये.

आणि एवढा सगळा कारभार चालतो कशावर, तर नदीत पाणी किती आहे यावर. ड्यूसबुर्गच्या वरच्या अंगाला, म्हणजे नदीच्या उगमाच्या दिशेला, काउब नावाचं गाव आहे, तिथल्या मोजपट्टीकडे सगळ्या व्यापाऱ्यांचे डोळे लागलेले असतात. ऑक्टोबर 2018 मध्ये ती 25 सेंटिमीटरवर आली. म्हणजे नदीत वीतभर पाणी उरलं असं नाही, पट्टीचा शून्य तळाच्या वर असतो, पण भरलेली बोट तिथून जाईना. मग माल थोडा थोडा भरायचा, बोटी जास्त लावायच्या, भाडं वर. वरच्या बाजूला असलेल्या बीएएसएफ या केमिकल कंपनीने त्या वर्षीचं नुकसान 25 कोटी युरो सांगितलं!

आता ही पातळी मोबाइलवर दिसते. पूर्वी मात्र तिथल्या रेडिओवरून रोज गावोगावची नावं घेऊन पाणी किती ते वाचून दाखवायचे, आणि बार्जवाले रेडिओला कान लावून बसायचे, आपले कोळी बांधव वादळाच्या सूचनेसाठी आकाशवाणी लावून बसायचे ना, अगदी तसंच. बरंय तर, भेटू पुढच्या वेळी.