बत्तीस खोडून तीस

नमस्कार श्रोतेहो.

इंटिरियर डिझाइनचा अभ्यासक्रम पुरा करून आपल्या रत्नागिरी-सिंधुदुर्गातली कितीतरी मुलं-मुली आता नोकरीच्या शोधात निघतील. कुणी चिपळुणात, कुणी कोल्हापुरात, बरीचशी मुंबई-पुण्याला. सगळ्यांच्या काखेत एक फाइल असेल. पोर्टफोलिओ म्हणतात तिला. त्या फाइलीत काय असावं, याविषयी मला आज बोलायचं आहे. वास्तुविशारदांना १९७२ च्या कायद्यानुसार नोंदणी करावी लागते. इंटिरियर डिझायनरला तशी सक्ती नाही. त्यामुळे काम देणारा माणूस तुम्हाला पारखतो, तो या फाइलीवरूनच.

तीन गोष्टी लक्षात ठेवा. माप, कारण आणि आपला वाटा. लिहून घेत असाल तर पुन्हा सांगते: माप, कारण, आपला वाटा.

निसर्ग चक्रीवादळ आलं ३ जून २०२० ला. त्यानंतर दोन वर्षांनी, आषाढातल्या एका सकाळी, केळशीकडची एक मुलगी माझ्याकडे काम मागायला आली. पाऊस असा की छत्रीचा उपयोग नाही. तिने ओढणीने हात पुसले आणि फाइल उघडली. पानामागून पान चकचकीत चित्रं. समुद्राकडे तोंड केलेला काचेचा बंगला, पांढरा सोफा, छताला झुंबर. मी विचारलं, "या खोलीत पंख्याचं बटण कुठे आहे?" ती गप्प. "बरं, ही काच पश्चिमेला. झड आली की पाणी कुठून आत येईल?" ती फाइल मिटायलाच लागली.

फाइल पिशवीत घालताना खालची शंभरपानी वही वर आली. कडा भिजलेल्या, पानं एकमेकांना चिकटलेली. "ही कसली?" "ते काही नाही मॅडम, घरचं आहे." म्हटलं, दाखव तर.

वादळात तिच्या आजीच्या घराची कौलं उडाली होती आणि स्वयंपाकघराची एक भिंत बसली होती. भिंत पुन्हा उभी करताना आजीसाठी नवा ओटा घालायचं ठरलं. हिने वहीत अख्खं घर मापून काढलं होतं. ओटी, पडवी, माजघर, मागची मोरी, कोनाडेसुद्धा. एका पानावर ओट्याची उंची लिहिली होती ३२ इंच. ते खोडून शेजारी ३०.

मी विचारलं, "हे का खोडलंस?"

आणि ती मुलगी बोलायला लागली! कॉलेजात ओटा ३२ इंचांचा शिकवला होता. पण बांधण्याआधी तिने अंगणातले चिरे नुसते एकावर एक रचले, वर फळी टाकली आणि आजीला म्हणाली, इथे भाताचा टोप ठेवून ढवळून बघ. आजी दोन मिनिटांत म्हणाली, "खांदे चढतात गो माझे." आजीची उंची चार फूट सात इंच. हिने आजीच्या कोपराचं माप घेतलं, त्याच्याखाली चार इंच मोजले, आले ३०. फळी खाली आली, खांदेही उतरले.

तेवढ्यावर ती थांबली नव्हती. आजीचे गुडघे दुखायचे, जमिनीवर विळी मांडून नारळ खवायला बसवेना. म्हणून ओट्याच्या टोकाला तिने एक बुटका कट्टा काढला. समोर स्टुलावर बसायचं, विळी कट्ट्यावर. त्या कट्ट्याचं मापसुद्धा वहीत दोनदा खोडलेलं होतं.

मी तिला त्याच दिवशी कामावर घेतलं. बंगल्यामुळे नव्हे. त्या खोडलेल्या बत्तिसामुळे.

या घरांवरून एक सांगते, विषय थोडा बाजूला जाईल. वादळानंतर कितीतरी घरांतले फणसाच्या लाकडाचे दरवाजे लोकांनी भंगारच्या भावात विकले आणि तिथे फ्लशडोर बसवले. माझा जीव तुटतो. कृपा करून विकू नका. बिजागरी बदला, तेल द्या, तो दरवाजा तुमच्या नातवंडांपर्यंत जाईल. छताचंही तेच. आपल्या दमट हवेत कौलांखाली पीओपीचं छत घालून वारा कोंडणं मला मुळीच पटत नाही.

हं, तर फाइल. चार-पाचच कामं घाला, बारा-पंधरा पानं पुरे. त्यातलं एक तरी खऱ्या माणसाच्या खऱ्या खोलीचं असू दे, शेजाऱ्याचं दुकान असलं तरी चालेल. रंगीत चित्राआधी प्लॅन, म्हणजे वरून दिसणारा आराखडा, आणि सेक्शन, म्हणजे उभा छेद, दोन्ही मापांसकट. विजेच्या बटणांचं एक ड्रॉइंग हवंच. सामान निवडलंत तर कारण लिहा. "खारी हवा, म्हणून बिजागरी ३१६ स्टीलची" एवढी एक ओळ पुरते. त्या स्टीलमध्ये मॉलिब्डेनम असतं, खाऱ्या हवेत ते साध्या ३०४ पेक्षा जास्त टिकतं. ओट्याखाली साधं प्लाय घातलंत की आयएस ७१० चं, म्हणजे पाण्याला टिकणारं मरीन प्लाय, हेही लिहा. माप आणि कारण, माप आणि कारण.

आणि तिसरा, आपला वाटा. काम चौघांनी मिळून केलं असेल तर तुम्ही काय केलंत ते स्पष्ट लिहा. जिथे उमेदवारी केलीत त्या ऑफिसचं ड्रॉइंग लावायचं असेल तर आधी त्यांना विचारा. न विचारता लावलेलं ड्रॉइंग मुलाखतीत लगेच ओळखू येतं, कारण त्यातल्या प्रश्नांची उत्तरं तुमच्याकडे नसतात.

फाइल ए-थ्री कागदावर छापा, आणि एक हलकी पीडीएफ मोबाइलसाठी वेगळी करा. पाठवण्याआधी स्वतःच्या फोनवर उघडून बघा, मापं वाचता येतात का. पावसातून जाणार असाल तर फाइल प्लास्टिकच्या पिशवीत घाला. आणि मापं घेतलेली ती जुनी वही घरी ठेवू नका, तीही त्याच पिशवीत न्या.

नमस्कार.